न बोलणाऱ्यांची संमती त्यांच्याकडूनच घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्वमग्नतेवर (ऑटिझमवर) संशोधन करणारे विद्यार्थी आणि अभ्यासक बडोद्यातील पालकांकडे प्रश्नावली घेऊन येतात, याचे आम्हाला समाधानच आहे. परंतु ज्यांच्याविषयी हे सारे विचारले जाते, त्यांच्यापैकी न बोलणाऱ्यांना स्वतःला क्वचितच काही विचारले जाते. माहिती आई देते, संमतिपत्रावर सही वडील करतात. माझा तरुण मुलगा बोलत नाही, पण हवे ते चित्र बोटाने दाखवतो, नको ते हाताने दूर सारतो आणि कंटाळला की उठून जातो. यातला होकार आणि नकार मला स्वच्छ कळतो, तो अभ्यासकांच्या नोंदवहीत उतरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सहाव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला संशोधनात घेण्यापूर्वी तिची स्वतःची संमती, तिला वापरता येईल अशा संवादमाध्यमातून मिळवावी लागते. आणि याच कायद्यातील संवादाच्या व्याख्येत खुणा, दृश्य साधने व पर्यायी संवादपद्धती येतात.

साधन बदलले की उत्तर बदलते. माँट्रियलमधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अगदी कमी बोलणाऱ्या ३० स्वमग्न मुलांपैकी एकालाही प्रचलित बुद्धिमापन चाचणी पूर्ण करता आली नव्हती, मात्र बोलण्याची गरज नसलेली रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी त्यांच्यापैकी २६ जणांनी पूर्ण केली. अर्थात मुलाचा हात धरून तो अक्षरांवर फिरवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्या पद्धतीत उत्तरे मदतनीसाचीच निघतात, हे नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसले आहे. बोट मुलाचेच हवे.

आपल्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि टॅबवरील चित्रांखाली इंग्रजी, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलासमोर अनोळखी चित्रफलक (बोट ठेवून उत्तर देण्यासाठीच्या चित्रांचा तक्ता) ठेवून उत्तराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अभ्यासकांनी आधी दोन-तीनदा नुसते भेटावे, मुलाचा रोजचाच चित्रफलक वापरावा आणि तो उठून गेला तर ते काम तिथेच थांबवावे. यासाठी लागणारा जादा वेळ मूळ आराखड्यातच धरलेला आहे की नाही, हे येथील संस्थांच्या नीतिसमित्यांनी (संशोधन नैतिक आहे का हे पाहणाऱ्या समित्यांनी) मंजुरी देण्यापूर्वी तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक पालक, दांडिया बाजार, बडोदा