वहिनी, आभाराची ओळ छापायची राहिली

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, भाऊजी, जेवलात का?’ म्हणून विषयच संपवता. शिवाय दिवाळी अंकात अमेरिकेतल्या सिएटलच्या मदर लव्ह बोन या रॉक बँडवरचा माझा लेख आला खरा, पण पानात जागा उरली नाही म्हणून शेवटची आभाराची ओळ गेली. लेख आवडल्याचं ज्यांनी आवर्जून कळवलं त्यांना ठाऊक असायला हवं, की त्यातलं निम्मं काम सिएटलमध्ये झालं आणि ते सांगलीच्या माहेरवाशिणीनं केलं. त्याआधी तिनं रॉकचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

मी मागितलं होतं तरी काय? लायब्ररीत १९८८ ते १९९० मधले तिथले अंक असतील तर या बँडबद्दलच्या मजकुराचे फोटो काढून पाठवा, एवढंच. तुम्ही फोटो पाठवलेतच, वर प्रश्नांची रांग लावलीत. पहिला प्रश्न बँडचा गायक अँड्र्यू वूड याच्या फोटोखाली होता: ‘हा नाटकातला आहे का?’

डोळ्यांत काजळ, डोक्यावर भली मोठी टोपी, गळ्यात झुळझुळीत कापड, अंगावर जमेल तेवढी चमक. प्रश्न रास्तच होता. त्या काळातल्या सिएटलची जी चित्रं आपण बघतो त्यात सगळे चौकड्यांचे शर्ट घालून, केस तोंडावर घेऊन, जमिनीकडे बघत गिटार वाजवत असतात. त्यांच्यात हा असा! ग्लॅम रॉकचा, म्हणजे नटूनथटून चमचमत्या कपड्यांत गायच्या रॉकचा, बहर इंग्लंडात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला येऊन गेला होता. वूडला गायक मार्क बोलन आवडायचा, एल्टन जॉन आवडायचा, किस हा बँड आवडायचा आणि क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर फारच. तो फ्रेडी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बलसारा, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मग एवढं लांब कशाला जायचं?’ आणि बालगंधर्वांवर आलात. पुरुषानं शालू नेसला, दागिने घातले, पदर सावरला, तर आपल्या आज्यांनी त्यांच्या साड्यांची नि अंबाड्यांची नक्कल केली. त्यात विचित्र काय आहे, तो गातो कसा ते बघा. लेखाचा दुसरा परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा तुमचा आहे. रॉकवर लिहिणाऱ्या आम्हा लोकांना वूडच्या वेशभूषेचा खुलासा देत बसायची खोड असते. तुम्हाला त्याची गरजच वाटली नाही, आणि लेख त्यामुळे सुटसुटीत झाला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. ‘याच्याबद्दल बोलताना सगळे त्याच्यानंतर आलेल्यांबद्दलच का बोलतात?’

खरंच आहे. मदर लव्ह बोन म्हटलं की पुढच्याच वाक्यात त्यातूनच निघालेला पर्ल जॅम हा बँड येतो. गिटारवरचा स्टोन गोसार्ड आणि बेसवरचा जेफ अमेंट हे दोघं वूडच्या मृत्यूनंतर नव्या गायकाला घेऊन उभे राहिले, ऑगस्ट १९९१मध्ये त्यांचा ‘टेन’ हा अल्बम आला आणि बाकी सगळं जगाला माहीत आहे. त्यामुळे आधीचा बँड कायमचा प्रस्तावनेत जाऊन बसला. जे सव्वादोन वर्षं जिवंत होतं ते स्वतःच्या नावानं कोणी ऐकतच नाही. तुमच्या प्रश्नानंतर मी लेखाचा आराखडा मोडला आणि ठरवलं, की पर्ल जॅमचं नाव शेवटच्या पानाआधी घ्यायचं नाही. संपादकांना ते जरा जड गेलं. मथळ्यात ते नाव असतं तर अंक चार जास्त लोकांनी उघडला असता, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

मग बेनब्रिज बेटाची फेरी. तिथं जाऊन या असं मी म्हटलंच नव्हतं. वूड वाढला त्या बेटावर, एवढं तुम्ही वाचलंत आणि एका शनिवारी दादाला घेऊन धक्क्यावर पोचलात. सिएटलहून बोटीनं पस्तीस मिनिटं. त्या पस्तीस मिनिटांत तुम्ही ‘क्लोई डान्सर’ आणि ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ ही जोडगाणी ऐकलीत, इअरफोनचं एक बोंडूक तुमच्या कानात नि एक दादाच्या. वाऱ्यानं काही ऐकू येईना म्हणून आत जाऊन बसलात आणि पुन्हा पहिल्यापासून लावलंत. संध्याकाळी तुमचा व्हॉइस मेसेज आला. तो मी अजून ठेवलाय. सुरुवातीला नुसता पियानो आणि त्याचा आवाज, घाई नाही. मग ड्रम येतात आणि गाणं रुंद होत जातं. आठ मिनिटांचं आहे पण लांबलं असं वाटत नाही. ‘शब्दाचं शेपूट सोडवत नाही त्याला,’ असं तुम्ही म्हणालात. वूडच्या गाण्याबद्दल मी पुष्कळ वाचलंय, त्यात इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही. तो स्वर ओढतो, वाकवतो, जरा लाडात येतो, आणि आता हे फार होतंय असं वाटतं तिथं सोडून देतो. ही जोडगाणी १९८९च्या मार्चमधल्या ‘शाइन’ या पाच-सहा गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आहेत. नंतरच्या ‘ॲपल’ अल्बमवर फक्त ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ घेतलंय, पियानोचा तो पहिला भाग नाही. तुम्ही दोन्ही ऐकून ‘डोकं कापलं की हो गाण्याचं’ म्हणालात. मलाही तसंच वाटतं, पण ‘ॲपल’च्या भक्तांसमोर बोलायची सोय नाही.

बाकी तपशील तुम्ही तारखेनिशी जुळवून दिलेत. वूडनं १९८०मध्ये, चौदाव्या वर्षी, भाऊ केव्हिनबरोबर मालफंक्शन हा बँड काढला. तोंडाला पांढरा रंग फासून ‘लँड्र्यू’ नावानं तो मंचावर यायचा, आणि सैतानी ६६६ मिरवणाऱ्या बँडांची थट्टा म्हणून यांचा आकडा ३३३. तिकडे सिएटलचाच ग्रीन रिव्हर हा बँड १९८७च्या अखेरीस फुटला. त्याचा गायक मार्क आर्म यानं पुढे मडहनी हा बँड काढला. गोसार्ड, अमेंट आणि ब्रूस फेअरवेदर वूडला येऊन मिळाले, ड्रमवर ग्रेग गिलमोर आला. फुटीचं कारण थोडक्यात असं की एका बाजूला मोठी रेकॉर्ड कंपनी, मोठं मंच हवं होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच चीड होती. वूडला तर मोठं मंच हवंच होतं. मिळेपर्यंत तो थांबलाही नाही. छोट्या क्लबात मूठभर माणसांसमोर भरलेलं स्टेडियम असल्यासारखा बोलायचा. १९८८च्या अखेरीस पॉलिग्रॅम या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, वर ‘स्टारडॉग’ हे स्वतःचं लेबलही मिळालं. पहिली पूर्ण रेकॉर्डही निघालेली नसताना! १९८९च्या शरदात निर्माता टेरी डेट याच्या हाताखाली कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोला ‘ॲपल’चं रेकॉर्डिंग झालं.

आणि मग १९९०चा मार्च. लेखातला हा भाग तुमच्यामुळे धड लिहिला गेला. असल्या मरणाभोवती आमच्याकडे एक धूप लावलेली भाषा तयार असते: शापित प्रतिभा, स्वतःला जाळून घेणारा कलावंत वगैरे. तुम्ही इतकी वर्षं फार्मसीत काउंटरच्या मागे उभ्या आहात; तुम्ही ते सगळं बाजूला सारलंत आणि शरीरात काय होतं ते सांगितलंत. वूड हेरॉइनमधून बाहेर पडायला उपचार घेऊन आला होता आणि काही महिने त्यानं शिवलंही नव्हतं. अशा वेळी शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जेवढं पचायचं तेवढंच पुन्हा घेतलं, तर श्वास मंदावत जातो आणि थांबतो. बरं होत आलेला माणूस म्हणूनच जास्त धोक्यात असतो, घरच्यांना नेमकं हेच कोणी सांगत नाही, असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य लेखात जसंच्या तसं गेलंय. १६ मार्चला तो बेशुद्ध सापडला, १९ मार्चला यंत्रं काढली. वय २४. अल्बम बाजारात यायला थोडेच दिवस होते. तो अखेर जुलैमध्ये आला.

तुमच्या आग्रहावरून आणखी एक गोष्ट घातली. त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला मित्र, साउंडगार्डन बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल, यानं दुःखात दोन गाणी लिहिली, आणि वाढत वाढत त्याचा ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम झाला, एप्रिल १९९१मध्ये. नाव वूडच्याच ‘मॅन ऑफ गोल्डन वर्ड्स’ या गाण्यातून उचललेलं. मला ते प्रस्तावनेच्याच वळणानं जाईल असं वाटत होतं. तुमचं म्हणणं, हे पुढच्या यशाबद्दल नाही, मित्राच्या बाराव्या-तेराव्याबद्दल आहे, ते राहू दे. राहू दिलं. वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं त्याच परिच्छेदावर आली.

दादालाही धन्यवाद. त्यानं गाडी चालवली, बोटीवर कॉफी पाजली आणि ‘मला यातलं काही कळत नाही’ हे न चिडता पुन्हा पुन्हा सांगितलं.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. दोघा भावांच्या त्या आधीच्या बँडचं काही ऐकायला मिळतं का? मिळतं. मालफंक्शनची जुनी रेकॉर्डिंग्ज गोसार्डनं १९९५मध्ये स्वतःच्या लूजग्रूव्ह लेबलवर ‘रिटर्न टू ऑलिंपस’ नावानं काढली. ओबडधोबड आहेत, गोंगाट भरपूर आहे, पियानो वगैरे काही नाही. आई डिसेंबरात तिकडे येतेय, तिच्याबरोबर अंकाच्या दोन प्रती आणि ती सीडी पाठवतो. तुमच्या नव्या गाडीत सीडी चालते की नाही, तेवढं दादाला विचारून कळवा.

तुमचा,
धाकटा दीर