डॉक्टरकीच्या आधीच कर्ज कशाला?

महोदय,

अमेरिकेतल्या मराठी मुलाला आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसारख्या आठ नामवंत खासगी विद्यापीठांपैकी एकात, प्रवेश मिळाला, की आपल्या पुरवणीत त्याची फोटोसह बातमी येते. कौतुक आहेच. पण त्याला पुढे डॉक्टर व्हायचं असेल, तर पहिल्या चार वर्षांचे पैसे कुठून येणार, हे कधी छापून येत नाही.

आपल्याकडे ‘नीट’ दिली की थेट एमबीबीएस. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ‘प्री-मेड’ म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, ती पदवी नव्हेच. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय प्रॅक्टिकलसह पूर्ण केले, की इतिहासात पदवी घेणाराही अर्ज करू शकतो. प्रवेशाच्या वेळी जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) आणि एमकॅटला जे वजन असतं, ते कॉलेजच्या नावाला नसतं. मग नावापायी वर्षाला ९० हजार डॉलर का मोजायचे?

आयव्ही लीगची आठही विद्यापीठं गुणवत्तेवर छदामही देत नाहीत. मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून. ती भरघोस असते, हेही खरं. हार्वर्डने २०२५-२६पासून वार्षिक दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, बेताची मालमत्ता असणाऱ्या कुटुंबांना ट्यूशन म्हणजे शिक्षणाची फी माफ केली आहे. म्हणून मदत वजा जाता आपल्याला किती पैसे पडतील, हे सांगणारा कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर आधी भरून बघावा. पण नवरा-बायको दोघं आयटीत आणि डोक्यावर घराचा हप्ता, अशा घराच्या हाती तिथे सहसा काही लागत नाही.

अशांनी मेरिट, म्हणजे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती, देणारी कॉलेजं शोधावीत. अलाबामा विद्यापीठ परराज्यातल्या मुलांनाही शाळेतला जीपीए आणि एसएटी या कॉलेज-प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर शिष्यवृत्ती देतं आणि त्याचा तक्ता आधीच जाहीर असतो. क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न खासगी असूनही मेरिट देतं, शिवाय विद्यापीठाचं स्वतःचं मेडिकल स्कूल आहे. जॉर्जियात झेल मिलर, फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स. या दोन्ही शिष्यवृत्त्या रहिवाशांसाठी, लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या. टेक्सास विद्यापीठाचं डॅलस केंद्र नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्ती स्पर्धेत चमकलेल्या मुलांवर विशेष मेहेरबान आहे. पण नॅशनल मेरिट ठरतं अकरावीतल्या ऑक्टोबरच्या पीएसएटी या परीक्षेवर. बारावीत जाग येऊन उपयोग नाही.

मदतीचं पत्र हाती आलं की पेढे वाटण्याआधी ओळ न् ओळ वाचावी. ‘अवॉर्ड’ या मथळ्याखाली शिष्यवृत्ती, कॅम्पसवरच्या नोकरीचा अंदाजे पगार आणि ५,५०० डॉलरचं कर्ज असं सगळं एकाखाली एक मांडलेलं असतं आणि शेवटी ठळक बेरीज. कर्ज हे अवॉर्ड कधीपासून झालं? शिष्यवृत्ती टिकवायला जीपीए किती लागतो, तेही बघा. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीने भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि तेव्हाच शिष्यवृत्ती गेली तर उरलेल्या वर्षांचे पैसे बापाच्या खिशातून.

‘आमची ९० टक्के मुलं मेडिकलला लागतात’ असं एखादं कॉलेज सांगू लागलं, तर पहिल्या वर्षी प्री-मेड किती होती, हे विचारा. काही ठिकाणी कच्च्या मुलांना कॉलेजचं शिफारसपत्रच दिलं जात नाही. ती अर्जाच्या फंदात पडत नाहीत आणि टक्केवारी फुगते. देशभराचा हिशेब वेगळाच आहे : वर्षाला ५० हजारांहून जास्त अर्जदार, प्रवेश साधारण २३ हजारांना.

पैसे राखून ठेवायला आता आणखी एक कारण आहे. १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच मिळेल. बऱ्याच कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च याहून जास्त आहे. वरची रक्कम खासगी बँकेकडून काढायची किंवा घरातून.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांना तर सरकारी मदत नाहीच, आणि अनेक मेडिकल स्कूल ग्रीन कार्डाशिवाय अर्जही घेत नाहीत. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो तो वेगळाच. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी अशा एखाद्या घराचाही हिशेब मांडावा, ही विनंती.

– एक पालक, एडिसन, न्यू जर्सी