हाताला गेम दिला की कान नीट ऐकतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता. पॉडकास्ट ऐकताना दुसरं काही करू नये, शांत बसून ऐकावं, आणि गेम खेळत ऐकणं म्हणजे तर ना धड ऐकणं ना धड खेळणं असं त्यात म्हटलं होतं. ते वाचल्यापासून मनात घोळतंय, कारण माझा अनुभव अगदी उलटा आहे आणि मला वाटतं माझ्यासारखे बरेच जण असतील जे हे करतात पण कुणी विचारलं की उगाच ओशाळतात. म्हणून हे पत्र.

मी पन्नाशीतली बाई. पॉडकास्टची आवड जुनी, इतिहासाचे नि विज्ञानाचे तास-दीड तासाचे एपिसोड मला फार आवडतात. पण ऐकणं व्हायचंच नाही. डोळे मिटून पडलं की दहाव्या मिनिटाला झोप, आणि उठून बसलं की हात आपोआप फोनकडे. मग एक मेसेज वाच, दुसऱ्याला उत्तर दे, एखादी बातमी उघड, आणि भानावर येईपर्यंत एपिसोड कुठल्या कुठे गेलेला, कोण कुणाबद्दल बोलतंय काही कळत नाही, की परत मागे न्या. एकेक एपिसोड मी चार-चार वेळा मागे नेऊन ऐकलाय. मग एके दिवशी मुलाने त्याच्या कॉम्प्युटरवर पॉवरवॉश सिम्युलेटर लावून दिला, म्हणाला आई तू हे खेळ आणि कानात तुझं ते लाव.

२०२२ मध्ये आलेला हा गेम म्हणजे काय तर जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने घाण धुवायची. बस. पहिलंच काम असतं आपलीच चिखलाने भरलेली व्हॅन धुवायचं. फवाऱ्याला वेगवेगळी तोंडं असतात, शून्य अंशाचं लावलं की पेन्सिलीच्या रेघेएवढी धार पण घट्ट चिकटलेला मळ निघतो, चाळीस अंशाचं लावलं की रुंद पट्टा साफ होतो पण जोर कमी. एक भाग पूर्ण साफ झाला की तो क्षणभर चमकतो आणि टिंग असा आवाज येतो. आधी दरवाजा, मग बंपर, मग चाकाच्या आतली ती कड जिथे कितीही धुतलं तरी बोटभर काळं राहतंच, तिथे वाकून बघायचं, तोंड बदलायचं, परत मारायचं. घाई नाही, वेळेचं बंधन नाही, कुणी मारायला येत नाही, हरायची सोयच नाही. गोष्ट थोडीफार आहे पण ती लिखित मेसेजमधून येते, नाही वाचली तरी काम अडत नाही.

ती व्हॅन धुताना मी १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यावरचा एपिसोड ऐकला. जॉन स्नो नावाचे डॉक्टर घरोघर फिरून कुणी कुठलं पाणी प्यायलं ते विचारतात, मृत्यू नकाशावर मांडतात, बोट ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर येऊन थांबतं आणि शेवटी त्या पंपाचा दांडा काढून टाकतात. पूर्ण एपिसोड, एकदाही मागे न नेता. आणि गंमत बघा, आजही तो दांडा काढल्याचं आठवलं की डोळ्यासमोर त्या व्हॅनचं मागचं उजवं चाक येतं, कारण तेव्हा मी ते धूत होते. असं माझं कितीतरी एपिसोडांचं झालंय, ऐकलेली गोष्ट आणि धुतलेली जागा एकमेकींना चिकटून बसल्यात. नुसतं पडून ऐकलेल्यातलं मला इतकं आठवत नाही.

असं का होत असेल याचा मी बराच विचार केला, थोडं वाचलंही. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की आपण एखादी गोष्ट मनात थोडा वेळ धरून ठेवतो तो काही एकच डबा नसतो, शब्द-आवाज धरून ठेवणारी सोय वेगळी आणि आकार-जागा धरून ठेवणारी वेगळी. मला हे लगेच पटलं. फोनवर मेसेज वाचताना ऐकलेलं हरवतं कारण दोन्हीकडे शब्दच आहेत, एकाच दारातून दोन माणसं घुसायला बघतात. चाक धुताना मात्र शब्द लागतच नाहीत, तिथे डोळा आणि हात. कानाचं दार मोकळं राहतं. अजून एक प्रयोग जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला होता, चाळीस जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला, त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले, आणि रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं. तो प्रयोग गेमचा नव्हता आणि निरोपही मुद्दाम कंटाळवाणा निवडला होता, हे सांगायलाच हवं, त्यावरून सगळं सिद्ध होत नाही. पण हाताला बिनडोक काम मिळालं की मन दूर भटकत नसावं एवढा तरी अंदाज त्यातून येतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की प्रश्न गेम खेळावा का हा नाहीच, कुठला गेम हा आहे. आणि त्याची माझी कसोटी एकच, गेम शब्द मागतोय का? मागत असेल तर नको.

युरो ट्रक सिम्युलेटर २ बघा. २०१२ चा गेम, अजूनही लोक खेळतात. माल भरलेला ट्रक एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा. त्यातल्या नकाशाचं प्रमाण साधारण १:१९ ठेवलंय म्हणजे लांबचा पल्लाही एका बैठकीत होतो, एक खेप नि एक एपिसोड असा मेळ छान बसतो. हायवेला लागलं की पाऊस, वायपर, समोरच्या गाडीचे लाल दिवे, आणि कानात कुणीतरी शांतपणे काहीतरी समजावून सांगतंय, याच्यासारखी संध्याकाळ नाही. रस्ता सांगणारा आवाज मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा, नकाशावरची रेघ पुरते. आणि शेवटी माल उतरवायच्या जागी ट्रेलर रिव्हर्सने लावायचा असतो तेव्हा मी पॉडकास्ट थांबवते म्हणजे थांबवतेच, ट्रेलर उजवीकडे न्यायला स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं हे डोकं मागतं, तेवढ्या तीन-चार मिनिटांत ऐकलेलं एक अक्षर राहत नाही.

एकाच गेममध्येही हे बदलतं. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, शेती करायचा गेम. त्यातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा. सकाळी रोपांना पाणी घालणं, पीक काढणं, लाकडं तोडणं यात कान पूर्ण मोकळे. पण गावात कुणाशी बोलायला गेलं की वाचायला आलं, आणि मासे पकडताना तो हिरवा पट्टा माशाच्या मागे वर-खाली धरून ठेवावा लागतो तेव्हा तर मी श्वासही रोखते. त्यामुळे मी ठरवून टाकलंय, ऐकायच्या दिवशी शेत, मासे दुसऱ्या दिवशी.

माइनक्राफ्टमध्ये खणत बसायला मजा येते पण तिथे कान गेमलाच लागतात, मागून क्रीपर नावाचा शत्रू आला की फुस्स असा आवाज होतो आणि दीड सेकंदात तो फुटतो, कानात दुसरं काही चालू असलं तर कळतच नाही. अडचणीची पातळी पीसफुलवर ठेवली की शत्रू येत नाहीत, मग खुशाल खणा, बांधा. मुलगा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स खेळत ऐकतो, त्यात हत्यारं आपोआप चालतात आपण फक्त पळायचं, डाव साधारण अर्ध्या तासाचा. मला ती पडद्यावरची गर्दी झेपत नाही, त्याला झेपते. पत्त्यांची साधी सॉलिटेअर, जी १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आली आणि घराघरात पोचली, ती आजही चालते. पण बालात्रो हा पोकरच्या पत्त्यांचा गेम मात्र नाही! फार सुंदर गेम आहे, पण त्यात सारखे गुणाकार करावे लागतात आणि प्रत्येक जोकरवर काय लिहिलंय ते वाचावं लागतं, मनातल्या मनात आकडे बोलायला लागलं की कानातला माणूस गायब. गोष्टीवाल्या मोठ्या गेमचं तर विचारूच नका. ज्यांनी पात्रांना आवाज दिलेत, संवाद लिहिलेत, त्यांच्यावर तो अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तो गेम खेळायचा तर तोच ऐकावा.

आणि हो, लेखातलं एक म्हणणं मला मान्य आहे. काही ऐकणं खरंच डोळे मिटून करायचं असतं. आवाजातून उभी केलेली नाटकं, कुणी स्वतःचं दुःख सांगत असेल असा एपिसोड, तेव्हा मी गेम बंद करते. एकदा एक बाई आपल्या गेलेल्या बहिणीबद्दल बोलत होत्या आणि माझ्या पडद्यावर टिंग टिंग चाललेलं, मला इतकं वाईट वाटलं, हात आपोआप थांबला. नवीन भाषा शिकवणारे एपिसोडही गेमसोबत जमत नाहीत, तिथे आपल्यालाही बोलायचं असतं. पण चार माणसं रंगून गप्पा मारतायत, कुणी एखाद्या शोधाची हकीकत सांगतंय, याला गेमसारखी साथ नाही.

गेम बनवणाऱ्यांकडे एकच मागणं, संगीत, संवाद आणि बाकीचे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठेवा. बरेच जण ठेवतात, काही अजूनही एकच ठेवतात. मला संगीत शून्यावर हवं असतं पण पाण्याची धार आणि ती टिंग थोडी ऐकू यायला हवी, सगळंच बंद केलं की हात कशावर चाललाय तेच कळेनासं होतं.

आणि तुमच्याकडे विनंती. पुरवणीत गेमबद्दल लिहिता तेव्हा ग्राफिक्स कसे, किती तासांचा हे असतंच, त्यात एक ओळ वाढवा की यात वाचायचं-ऐकायचं किती आहे, थांबवता कधीही येतो का, आणि आवाज बंद करून खेळता येतो का. माझ्यासारखीला गेम निवडायला तेवढं पुरेल. सध्या माझी एक भलीमोठी जागा अर्धी धुऊन पडलीय आणि समुद्राखालच्या तारांवरचे तीन एपिसोड ऐकायचे राहिलेत.

आपली,
एक नियमित वाचक