शांतता समिती सणापुरतीच का?

माननीय संपादक महोदय,

सण जवळ आले की पोलीस ठाण्यावर शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, बंदोबस्त ठरतो आणि सभासद घरी जातात. ही बैठक हवीच. परंतु शेजाऱ्याशेजाऱ्यांत साठत गेलेली कटुता तिच्यासमोर कधी येत नाही, कारण ती मांडायला तिथे कोणाला बोलावलेलेच नसते.

गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्यासाठी मी मडगावात भाड्याची खोली शोधत होते. तीन ठिकाणी भाडे ठरले, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे नाव ऐकताच खोली ‘कालच दिली’ असे सांगण्यात आले. मुलगा इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला, कोकणी माझ्याइतकीच सहज बोलणारा. ‘टीचर, हें कोणाक सांगचें?’ असे त्याने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. राज्य मानवी हक्क आयोग आहे, पण त्याचा अधिकार मुख्यतः सरकारी सेवकांच्या हातून झालेल्या उल्लंघनापुरता आहे. घटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा उल्लेख आहे. खासगी घरमालकाने दार लावून घेतले, तर दाद कुठे मागायची हे त्यावरून सामान्य माणसाला कळत नाही.

अशा गोष्टी ऐकून घेणारी एखादी नागरी सल्लागार समिती आपल्या पालिकांकडे असावी, असे मला कळकळीने वाटते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९४३ च्या वांशिक दंगलीत ३४ माणसे मेली, आणि त्यानंतर महापौरांनी अशी समिती नेमली. पुढे तिथल्या अनेक शहरांत घर, नोकरी व वागणूक यांविषयीच्या तक्रारी ऐकून समेट घडवणारे आयोग उभे राहिले. आपल्या जवळचे उदाहरण भिवंडीचे आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे दोन्ही समाजांच्या नागरिकांना पोलिसांसोबत बसवणाऱ्या मोहल्ला समित्या बांधल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगल नसतानाही भेटत होत्या, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गोव्याला याची गरज काय, असे कोणी विचारील. चर्चच्या पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळ्याआधीच्या जत्रेला) आणि विठ्ठलाच्या दिंडीला सारे मडगाव एकत्र येते, हे खरेच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे परिसरात हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तीही याच गोव्यात झाली. शिवाय ‘घाटी’, ‘भायले’ (बाहेरचे) हे परप्रांतीयांना हिणवणारे शब्द आता शाळकरी मुलांच्या तोंडी ऐकू येतात, तेव्हा शिक्षिका म्हणून जीव कळवळतो.

७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. गोव्यातील एकही पालिका त्या आकड्याजवळ जात नाही. त्यामुळे नागरिकांना पालिकेशी सतत बोलता येईल अशी ही वाट आपल्याकडे आपोआप उघडली नाही; ती आपणच उघडली पाहिजे. समितीला दंड करण्याचा अधिकार नसला तरी चालेल. दोन्ही बाजूंना बोलावून बोलते करणे, तक्रारींची नोंद ठेवून वर्षातून एकदा ती पालिका मंडळासमोर मांडणे, आणि गरजूला मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोचवणे एवढे जरी झाले, तरी माझ्या विद्यार्थ्यासारखा माणूस एकटा पडणार नाही. मात्र तिच्यात केवळ प्रतिष्ठित मंडळी नकोत. बाजारात बसणारी भाजीवाली, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, कन्नड व हिंदी समजणारी एखादी व्यक्ती तिच्यात असलीच पाहिजे, आणि राजकीय पक्षाचा पदाधिकारी नसावा.

मडगाव पालिकेने याबाबत ठराव घ्यावा आणि समितीची पहिली बैठक भर पावसाळ्यात, कोणताही सण समोर नसताना बोलवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, मडगाव