उतार आधी, चढ शेवटी : घाटात सायकली घेऊन जाणाऱ्या गटांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की इंदूरमधून सायकलवर सामान बांधून तीन-चार दिवसांसाठी निघणारे गट दिसू लागतात. महू, जाम घाट, मंडलेश्वर, महेश्वर, ओंकारेश्वर आणि चोरल-सिमरोलवरून परत, हा त्यातल्या अनेकांचा आवडता फेरा. तयारी मात्र बहुतेक जण सह्याद्री नाहीतर हिमालयातल्या मोहिमांची वर्णने वाचून करतात आणि तिथेच बेत चुकतो. तिकडे आधी चढायचे असते, मग उतरायचे. आपले शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर. महेश्वर सुमारे १५० मीटरवर. म्हणजे सामानाची अजून सवय झालेली नसताना आपण पहिल्याच दिवशी विंध्याचा घाट उतरतो आणि पाय थकल्यावर तो चढतो. ब्रेक, सामान, मुक्काम, सगळे याच हिशेबाने ठरवायला हवे.

पहिली गोष्ट ब्रेकची. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन ४०० मीटर खाली आणले, तर जी ऊर्जा मोकळी होते ती एक लिटरहून जास्त पाणी उकळायला पुरेल. थोडी हवेच्या रोधात जाते, बाकीची रिममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णता बनून साठते. रिम-ब्रेकवाल्या सायकलीत ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते, बहुधा वळणावरच. डिस्कमध्ये पॅड गुळगुळीत होऊन पकड सोडतात. म्हणून वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवायचा आणि मग पूर्ण सोडायचे. सारखे हलके धरून ठेवण्याची सवय सावधपणाची वाटते, पण घात तीच करते. घाटाच्या तोंडाशी अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा आहे. तिथे फोटो काढायला सगळे थांबतातच. त्याच थांब्यात प्रत्येकाने पॅड पाहावेत. डिस्कच्या पॅडवर १ मिलिमीटरपेक्षा कमी थर उरला असेल, किंवा रिम-पॅडवरच्या खाचा झिजून गेल्या असतील, तर तिथेच बदला. अर्ध्या घाटात पाच-दहा मिनिटे थांबा. तापलेल्या डिस्कला बोट लावू नका आणि पाणीही ओतू नका, ती वाकडी होते. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड मिटतात आणि चाक परत बसत नाही.

सामान एकूण १० किलोच्या आत बसते. १२ च्या वर गेले तर काहीतरी घरी ठेवायचे राहिले आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, पाणी, तंबूच्या काठ्या, फ्रेमच्या त्रिकोणात आणि खाली. कपडे आणि अंथरूण सीटमागे. हँडलवर अडीच-तीन किलोंपेक्षा जास्त नको. पुढे सस्पेन्शन असेल तर एक परीक्षा घरीच करा: हँडलवर पूर्ण भार टाकून फोर्क दाबा आणि पिशवी टायरला लागते का ते पाहा. फोर्क ८०-१०० मिलिमीटर खाली बसतो. घाटातल्या खड्ड्यात पिशवी टायरवर टेकली की पुढचे चाक अडते आणि माणूस हँडलवरून जातो. त्याच पिशवीखाली ब्रेकची केबलही दबू देऊ नका. कॅरिअरचे स्क्रू रोज संध्याकाळी आवळायचे. बांधायला महागडे पट्टे नसले तरी चालते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सायकलच्या दुकानात फुकट मिळतात आणि त्यांची पकड सुटत नाही.

आता पंक्चर. बाभळीचे काटे आणि गोखरू घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे भरपूर, तेव्हा ट्यूब दुरुस्त करण्याची वेळ येणारच. खरी अडचण वॉल्व्हची असते. गावातल्या दुकानाचा हातपंप साध्या सायकलच्या वॉल्व्हचा, टपरीवरचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या वॉल्व्हचा, आणि गटातल्या निम्म्या सायकलींना बारीक, पितळी टोकाचा प्रेस्टा. प्रेस्टासाठीचा छोटा ॲडॅप्टर दोन-तीन जणांच्या खिशात असला की कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. गावात ७०० सी मापाची ट्यूब मिळणे अवघड. साध्या सायकलची २८ × १½ ची ट्यूब ७०० × ३८ च्या टायरमध्ये तात्पुरती चालून जाते, पण रिमचे भोक प्रेस्टापुरते बारीक असेल तर तिचा जाड वॉल्व्ह आत जाणार नाही. म्हणून निघण्याआधी सगळ्या सायकलींची चाकाची मापे आणि वॉल्व्ह एका कागदावर लिहा आणि त्यावरून ट्यूबा घ्या: माणशी एक, शिवाय प्रत्येक मापाची एक जादा. शक्य असेल तर गटातली मापेच कमी करा. ट्यूबलेस वापरणाऱ्यांनीही एक ट्यूब ठेवावी. टायरच्या बाजूला चीर पडली तर सीलंट (टायरमधले भोक बुजवणारे द्रव) ती भरत नाही. आतून जाड प्लास्टिकचा तुकडा लावून ट्यूबच घालावी लागते.

दुसरी वस्तू जी वाटेत कुठेच मिळत नाही ती म्हणजे मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे तो गिअर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा. सायकल उजवीकडे पडली किंवा जीपमध्ये एकीवर एक रचली की तो वाकतो. तसाच खालचा गिअर टाकला तर सगळा गिअर चाकाच्या तारांमध्ये (स्पोकमध्ये) जाऊन चाक मोडते. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, तेव्हा ज्याचा त्याने आणायचा. याशिवाय आपल्या चेनच्या गिअर-संख्येला जुळणारे, तुटलेली चेन सांधायचे दोन जोड आणि चेन तोडायचे हत्यार. मागच्या चाकाची तार बहुधा चेनच्या बाजूची तुटते आणि ती बदलायला कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढावा लागतो, त्यामुळे त्याचा पाना गटात एक तरी हवा.

काळ्या मातीबद्दल माळव्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, तरी नकाशावर कच्ची वाट दिसली की ती घ्यायचा मोह होतो. ओली काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरत जाते आणि शंभर पावलांत चाक फिरेनासे होते. मडगार्ड असतील तर त्याहून लवकर. पाऊस पडून गेला असेल तर डांबरी रस्ता सोडू नका. अडकलाच तर मडगार्ड काढा, काठीने माती खरवडा आणि ऊन पडेपर्यंत थांबा. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन पसरलेले असते. त्यावर ब्रेक लावू नये, शक्यतो त्यावरून जाऊच नये. कुणाच्या तरी वर्षाचे पीक आहे ते.

परतीचा चढ शेवटच्या दिवशी सकाळीच यायला हवा. नदीकाठावरून उशिरा निघालेला गट भर उन्हात घाटात सापडतो. आदल्या संध्याकाळीच घाटाच्या पायथ्याच्या जवळ या आणि उजाडताच चढायला लागा. लादलेल्या सायकलीला पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी दातेरी चकती निदान सारख्या दात्यांची हवी. पुढचीचे दाते कमी असतील तर उत्तम. माणशी चार लिटर पाणी, आणि हापशीचे पाणी घेतले तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; अर्ध्या बाटलीत कोंबू नये. सेव-परमल आणि गुळाची चिक्की खिशात ठेवा. दाल-बाफल्यांवर आमचाही जीव आहे, पण ते घाट चढून झाल्यावर. परतीच्या वाटेवरच्या भेरू घाटात ट्रक फार असतात, तिथे एकामागोमाग एक आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

मुक्काम नर्मदेच्या वाळूवर करू नका, जागा कितीही सुंदर असो. वर धरणे आहेत, आणि पाणी सोडले की पातळी झपाट्याने चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजीला अमावास्येच्या जत्रेत अशाच पाण्याने कितीतरी माणसे वाहून गेली. धर्मशाळा, घाटावरची ओसरी किंवा शाळेचे पटांगण विचारून घ्यावे. राखीव जंगलात तंबू ठोकायला वनविभागाची परवानगी लागते आणि चूल तिथे पेटवायची नाहीच. फेब्रुवारीनंतर सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेली असतात, ठिणगी पुरते. त्या दिवसांत सावलीही नसते, म्हणून या फेऱ्याचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा.

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दुरुस्ती येणारा आणि पंप त्याच्याकडे. चढावर कुणी कुणासाठी थांबायचे नाही, ज्याची त्याची लय असते. पण प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचेच. उतारावर दोन सायकलींत निदान २५ मीटर अंतर. घाटात मोबाइल चालेलच असे नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि ११२ व १०८ हे क्रमांक, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद प्रत्येकाच्या सीटमागच्या पिशवीत एकाच जागी ठेवा. तोच कागद, रोजच्या मुक्कामाच्या गावांसह, मागे राहणाऱ्या एका माणसाकडे असावा, आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, ती वेळही त्यावर लिहिलेली असावी.

आपले,
इंदूरमधील काही सायकलस्वार