पावसाळ्याआधी ड्युप्लेक्सर मोजा, विनाकारण उघडू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत धावपळ सुरू होते. वीज गेल्यावर मोबाइलचे टॉवर बॅटरी संपेपर्यंतच चालतात. त्यानंतर बोटीतल्या ५ वॉटच्या वॉकीटॉकीला डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरचाच, म्हणजे कमजोर सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राचाच, आधार उरतो. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत रिपीटरची बॅटरी, चार्जर आणि वॉट पाहिले जातात. ड्युप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर रिपीटरचे ऐकणे आणि बोलणे वेगळे ठेवणारा भाग, मात्र कुणी पाहत नाही, किंवा पाहिलाच तर उघडून घासून ठेवतात. दोन्हींनी नुकसान होते, म्हणून हे पत्र.

रिपीटर एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. हौशी रेडिओच्या १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचेच अंतर असते. स्वतःच्या ट्रान्समीटरने रिसीव्हर बहिरा होऊ नये म्हणून ड्युप्लेक्सरच्या कॅव्हिटी (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेले धातूचे पोकळ डबे) तो सिग्नल ८० डेसिबल किंवा त्याहून जास्त, म्हणजे निदान दहा कोटी पटींनी दाबतात. ट्यूनिंग थोडे सरकले तरी हे दाबणे ढासळते. तेव्हा रिपीटरचा आवाज सगळीकडे खणखणीत ऐकू येतो, पण दूरच्या बोटीचा कमजोर सिग्नल रिपीटरला ऐकू येत नाही. नियंत्रण कक्षाला वाटते, यंत्रणा ठणठणीत आहे. महापुरात याहून घातक बिघाड नाही.

तो पकडायची चाचणी साधी आहे. सिग्नल जनरेटरमधून कमजोर सिग्नल द्यावा, १२ डेसिबल सिनाडवर (खरखरीच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट, याचे माप) आणावा आणि ट्रान्समीटर चालू करावा. तेच वाचन परत मिळवायला सिग्नल १ डेसिबलहून जास्त वाढवावा लागला तर दोष आहे. हे आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती पचवणारा रोध) आणि मग अँटेनावर करावे. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघाड असेल तर ड्युप्लेक्सरला हात लावू नये. दोष केबल, लाइटनिंग अरेस्टर, अँटेना किंवा टॉवरच्या गंजलेल्या जोडांत असतो. इन्सर्शन लॉस, म्हणजे ड्युप्लेक्सरमधून जाताना वाया जाणारी शक्ती, हाही मोजावा. १.५ डेसिबल असेल तर २५ वॉटपैकी सुमारे १८ वॉट पुढे जातात, ३ डेसिबल झाला तर साडेबारा. उरलेले कॅव्हिटी तापवण्यात जातात.

आमच्या अनुभवात दोष बहुतेकदा कॅव्हिटीच्या बाहेर, कनेक्टर आणि जोडकेबलमध्येच निघतो. ट्रान्समीटर तापतो-निवतो तशी खोलीतली दमट हवा सांध्यांतून आत खेचली जाते आणि एन-कनेक्टरच्या पिनेवर हिरवट थर धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा, पिन ढिली असेल तर कनेक्टरच बदलावा. एकेरी जाळीची आरजी-५८ केबल इथे चालत नाही. दुहेरी जाळीची आरजी-२२३ किंवा आरजी-१४२ हवी, आणि लांबी मूळ केबलइतकीच, कारण ती लांबी ट्यूनिंगचाच भाग आहे.

कॅव्हिटी उघडायची ती मोजमापाने दोष दाखवला तरच. ट्रान्समीटर बंद करून त्याचा वीजपुरवठा काढावा. ट्यूनिंगचा प्रत्येक रॉड किती बाहेर आहे ते व्हर्निअरने मोजून लिहावे, केबलींना क्रमांक द्यावेत, फोटो काढावेत. सुती हातमोजे, धागे न सुटणारे कापड आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढेच साहित्य लागते. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, भांडी घासायची पावडर अजिबात नको: चांदीचा मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, तो गेला की कॅव्हिटीची धार, म्हणजे जवळच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करण्याची क्षमता, कायमची गेली. चांदीवरचा हलका काळपटपणा तसाच राहू द्यावा, त्याने फारसे बिघडत नाही. तेलाचा स्प्रेही नको. रॉडभोवतीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या मात्र भिंगाने एकेक पाहाव्यात. एखादी तुटली वा सैल झाली की ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हरमध्ये खरखर येते.

जोडताना स्क्रू समोरासमोरचे आवळत जावेत. मग पुन्हा ट्यूनिंग. स्वस्त नॅनोव्हीएनए (हातात मावणारे फ्रिक्वेन्सी मोजमापाचे यंत्र) सगळ्या कॅव्हिटी मिळून सिग्नल किती दाबतात ते पूर्ण दाखवू शकत नाही, म्हणून त्याने कॅव्हिटी एकेक करून मोजावी आणि मोकळ्या पोर्टवर ५० ओहमचा लोड लावावा. लॉकनट आवळताना नॉच (कॅव्हिटी ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वाधिक दाबते तो खड्डा) सरकते, तेव्हा नजर पडद्यावरच हवी. शेवटी ट्रान्समीटर अर्धा तास चालवून, कॅव्हिटी गरम असताना, वरची चाचणी पुन्हा करावी.

आमची मागणी एवढीच की, देखभालीच्या करारातून "कॅव्हिटी साफ करणे" हे कलम काढावे आणि त्याजागी दरवर्षी १५ मेपूर्वी मोजमाप सक्तीचे करावे. डमी लोड आणि अँटेनावरचे वाचन, इन्सर्शन लॉस, प्रत्येक नॉचची फ्रिक्वेन्सी व ती किती डेसिबल दाबते, रिपीटरच्या खोलीचे तापमान हे सगळे एका पानावर मावते. ते पान रिपीटरच्या खोलीत लावावे, एक प्रत नियंत्रण कक्षात ठेवावी. मागच्या वर्षीचे आकडे शेजारी असल्याशिवाय या वर्षीच्या आकड्यांवरून घसरण कळत नाही. रिपीटरची फ्रिक्वेन्सी बदलली तर नवे ट्यूनिंग आणि नवे पान झाल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये.

नोंदीचा कोरा नमुना सोबत जोडला आहे.

आपले,
कोल्हापुरातील परवानाधारक हौशी रेडिओचालक व वायरलेस तंत्रज्ञ