स्टिरॉइड बंद करण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न.

कोविडच्या न्यूमोनियातून बरे होऊन घरी जाणाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर स्टिरॉइडची गोळी असते, पण ती कोणत्या तारखेला बंद करायची हे अनेकदा नसते. मग महिन्याभराने दम लागला की तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या पुन्हा आणल्या जातात.

या औषधाचे काम मोठे, पण मोजक्या दिवसांचे. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले होते. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. स्टिरॉइड विषाणूला मारत नाही, भडकलेल्या प्रतिकारशक्तीला आवरते. भडका ओसरल्यावर उरतात ते दुष्परिणाम.

‘इंजेक्शन बंद झाले, आता साध्या गोळ्या’ हा समजही चुकीचा. ताकदीने पाहिले तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन सुमारे ३२ किंवा प्रेडनिसोलोन सुमारे ४० मिलिग्रॅम, हीही स्टिरॉइडच. त्यामुळे मिथाइलप्रेडनिसोलोनची १६ची गोळी दिवसातून दोनदा घेणारा रुग्ण रुग्णालयातलाच डोस घरी चालू ठेवत असतो.

मागे राहिलेल्या तक्रारींत आजाराचा वाटा कोणता आणि औषधाचा कोणता, हे वेगळे करावे लागते. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नसेल, जिना चढताना मांड्या साथ देत नसतील, तर दोष फुप्फुसाचा नसून स्नायूंचा असू शकतो. अंथरुणावर पडून राहण्याने स्नायू झिजतात, स्टिरॉइड त्यात भर घालते. अशा वेळी गोळ्या वाढवणे म्हणजे आगीत तेल. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटी तपासणी केली तर ती नजरेतून निसटते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासावी. काही महिन्यांनी जांघेत दुखू लागले आणि एक्स-रे साफ आला, तरी विषय तिथे संपत नाही. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याचे सुरुवातीला एमआरआयमध्येच दिसते.

दहा दिवसांपर्यंतचा कोर्स सहसा एकदम थांबवता येतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळ्या चालल्या असतील, तर मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर मंदावलेल्या असतात. कमालीचा थकवा, मळमळ, उभे राहताच चक्कर, रक्तातले सोडियम कमी अशी चिन्हे दिसली तर डॉक्टरांकडे जाऊन सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासावे.

दम लागण्याचे काय? बसल्या जागी ऑक्सिजन ठीक असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर सोबत कुणाला ठेवून एक मिनिट खुर्चीतून उठबस करावी. ऑक्सिमीटर बोटात राहू द्यावा, थांबल्यावरही काही क्षण आकडा पाहावा. बोट गरम हवे, नखाला रंग नको. आकडा ३ किंवा अधिकने घसरला तर तपासणी हवी. अचानक वाढलेला दम, छातीत कळ, एकाच पायाला सूज ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. तेव्हा वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

एक्स-रेमधील डाग पुसायला कित्येकदा बारा आठवडे लागतात, त्याआधी नुसते डाग पाहून घाबरण्याचे कारण नाही. थोड्या रुग्णांत फुप्फुसाची सूज रेंगाळते आणि त्यांना स्टिरॉइड पुन्हा द्यावे लागते, हे खरे. पण तो निर्णय सीटी स्कॅन व फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी पाहून, जंतुसंसर्ग आणि गुठळी नाही याची खात्री करून घ्यायचा असतो.

म्हणून रुग्णालयांना विनंती की, डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची आणि बंद करण्याची तारीख, तसेच साखर कधी तपासायची, एवढे ठळक अक्षरांत लिहावे. आणि औषध दुकानदारांनी ती तारीख उलटलेल्या चिठ्ठीवर स्टिरॉइड देऊ नये.

– एक वाचक